मुरलेलं सॉफ्टवेअर

रविवारी सकाळी लुंगीवर असलेला माणूस गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा अडकवून दार उघडतो, तेव्हाच खरं तर मी मागे फिरायला हवं होतं. पण मी कऱ्हाडहून हिंजवडीत नवी नवी आलेली, हेल्पडेस्कवर दिवसभर लोकांच्या शिव्या ऐकणारी, आणि मला त्या फोनपासून सुटका हवी होती. म्हणून मी आत गेले.

"चपला बाहेर. दार हळू लावा. आत चालू आहे," हिंगमिरे सर म्हणाले.

मला वाटलं, घरात पूजा चालू असेल. आत बघते तर लोखंडी मांडणीवर भंगारबाजारातून आणलेले जुने राऊटर आणि त्यांच्या समोर एकुलता एक टेबलफॅन. फॅनचं तोंड राऊटरकडे. वैशाखातल्या उन्हानं वर पत्रा तापलेला, आम्ही माणसं घामानं निथळतोय, आणि वारा खातायत ती डबडी.

हिंगमिरे सर शिक्षक वगैरे काही नव्हते. आमच्याच ऑफिसात नेटवर्कच्या टीममध्ये होते, मूळचे बार्शीचे, वय चाळिशीच्या अलीकडचं पण वागणं पेन्शनरासारखं. 'सर' ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. त्या दोन हजार सहा-सातच्या सुमाराला हिंजवडीत ज्याला त्याला राऊटरच्या परीक्षांचं वेड लागलं होतं. एका नेटवर्कातली माहिती दुसऱ्या नेटवर्कात पोचवणारी ही यंत्रं, ती चालवण्याची परीक्षा दिली की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र मिळालं की बरी नोकरी. ऑफिसातल्या चालत्या राऊटरला बोट लावायची सोय नसायची. म्हणून ज्याच्या घरी सरावाची लॅब, त्याच्या घरी लोकांची रीघ. हिंगमिऱ्यांनी कासारसाईला कोंडाबाईंच्या घराची वरची खोली भाड्यानं घेऊन लॅब थाटली होती, आणि त्या लॅबच्या जोरावर ते आमच्यासारख्यांकडून 'सर' म्हणवून घेत. स्वतः त्यांनी परीक्षा दिली होती का? छे! "मला कागदाची गरज नाही," असं ते म्हणत. नापास होण्याची भीती वाटते, असं म्हणायला निराळं धाडस लागतं.

त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा. मुरणं. चहा मुरला पाहिजे, माणूस मुरला पाहिजे, सॉफ्टवेअर तर मुरलंच पाहिजे. राऊटरच्या पोटात जे सॉफ्टवेअर असतं, त्याची नवी आवृत्ती दर काही दिवसांनी निघायची. हिंगमिऱ्यांच्या लॅबमध्ये मात्र सगळीकडे जुनीच, कित्येक वर्षांमागची. कुणी नव्याचं नाव काढलं की ते डोळे मिटून मान हलवत.

"नव्यात ढेकूण असतात, इंग्रजीत बग म्हणतात ना, ते. आपण जुनं चालवतो, कारण ते मुरलेलं आहे. लोणचं घातल्या दिवशी खातो का आपण?"

आता लोणच्याचा आणि राऊटरचा काय संबंध, डोंबलाचा! पण हे ऐकताना माना डोलावणारेही असायचे. पट्टा घातलेल्या माणसाचा दरारा असतो, तो लुंगीवर असला तरी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला त्या मांडणीवरच्या सगळ्यांत मोठ्या राऊटरसमोर बसवलं आणि एक कमांड द्यायला लावली. स्क्रीनवर एक ओळ आली. हा राऊटर किती काळ एकदाही न थांबता चालू आहे, ते त्या ओळीत दिसतं. त्याला अप्टाइम म्हणतात. मोठ्याचा अप्टाइम दोन वर्षं आणि वर काही आठवडे होता.

"कळलं का?" ते म्हणाले. मुंज झालेल्या मुलाकडे बघावं तसं त्या राऊटरकडे बघत होते.

त्या काळात कासारसाईत वीज दिवसाला कितीदा जायची याचा हिशेब कोंडाबाईसुद्धा ठेवत नसत. तरीही दोन वर्षं. कारण मांडणीखाली इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरला जोडलेली ट्रकची बॅटरी. वीज गेली की खोलीत अंधार, हिंगमिरे मेणबत्ती लावून बसणार, मोबाइल मान टाकणार, पण त्या मोठ्याचे हिरवे दिवे लुकलुकत राहणार. एकदा खाली कोंडाबाईंकडे पाव्हणे आलेले, ऐन जेवणावर वीज गेली. त्यांनी जिन्यावरून हाक मारली, "सर, तुमच्या ब्याटरीवर येक बल्ब लावा की खाली. पाव्हणं अंधारात जेवत्यात." हिंगमिरे वरूनच म्हणाले, "मावशी, लोड वाढेल." लोड म्हणे! एका बल्बचा! कोंडाबाईंनी त्या दिवसापासून त्यांना पाणीदेखील विचारलं नाही.

या लॅबमध्ये येणाऱ्यांत खरोखरची निकड एकट्या शकीलला होती. शकील तांबोळी पौडचा. बाजारपेठेत त्याच्या अब्बांचं बॅटऱ्यांचं दुकान, गाड्यांच्या बॅटऱ्या भरून देण्याचं. पोरगा इंजिनियर झाला म्हणून अब्बांनी अख्ख्या पेठेत पेढे वाटलेले, आणि पोरगा आमच्या हेल्पडेस्कवर कंत्राटावर. मॅनेजरनं त्याला स्वच्छ सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत परीक्षा पास हो, नेटवर्क टीममध्ये कायम करतो. नाही झालास तर कंत्राट संपलं. म्हणजे परत दुकानात, अॅसिडनं भोकं पडलेला शर्ट घालून. "अब्बा काही बोलणार नाहीत ताई," तो मला एकदा म्हणाला. "तेच लई वाईट."

आणि परीक्षा होती नव्या सॉफ्टवेअरवर. परीक्षेत संगणकावरच एक खोटा राऊटर समोर येतो आणि त्यावर कमांड टाइप करून दाखवाव्या लागतात. नव्यात बऱ्याच कमांड बदललेल्या, काही जुन्यात नव्हत्याच. हा सगळा प्रकार घरच्या संगणकावर चालवून बघायची सोय तेव्हा नुकती आली होती, पण शकीलचा संगणक तेवढ्यानं धापा टाकायचा आणि बंद पडायचा. उरली लॅब. लॅबमधल्या बारक्या राऊटरांत नवं सॉफ्टवेअर मावायचंच नाही, तेवढी मेमरी फक्त मोठ्यात. सीडीवर सॉफ्टवेअर घेऊन शकील श्रावणात हिंगमिऱ्यांसमोर उभा राहिला.

"सर, फक्त मोठ्यावर. परीक्षा झाली की जुनं परत टाकून देतो."

"असं लगेच होत नसतं," हिंगमिरे म्हणाले. "बदलाचा प्रस्ताव समितीपुढे ठेवावा लागेल."

"कुठली समिती?"

"लॅबची."

पुढच्या रविवारी समिती बसली. समितीत हिंगमिरे अध्यक्ष, हिंगमिरे सचिव आणि हिंगमिरे सदस्य. शकील आणि मी पायरीवर बसून वाट बघत होतो. अर्ध्या तासानं दार उघडून त्यांनी निर्णय सांगितला की नवी आवृत्ती पुरेशी मुरलेली नसल्यानं विषय तहकूब. चेहऱ्यावर हसण्याचा मागमूस नाही, हो! मला तर तिथेच हात जोडावेसे वाटले. त्यानंतर समिती दर रविवारी बसायची आणि दर रविवारी विषय तहकूब व्हायचा. शकील जुन्यावरच सराव करत राहिला, कारण दुसरं करणार काय.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी अवजारांची पूजा करतात. कोंडाबाईंनी कोयते, पहार, विळे, पोराची मोटरसायकल, सगळं धुऊनपुसून ओळीनं अंगणात मांडलेलं, प्रत्येकाला झेंडूचं फूल. हिंगमिरे मागे राहतात होय? त्यांनी मोठ्या राऊटरला भरगच्च हार घातला, तोही वारा जायच्या जाळीवरून, आणि वर हळदकुंकू वाहिलं. शकील आणि मी सरावाला आलेलो. तेवढ्यात कोंडाबाई हातात नैवेद्याची वाटी घेऊन वर आल्या. सणाच्या दिवशी राग बाजूला ठेवण्याची रीत त्यांना तरी माहीत होती. दारातून त्यांनी लुकलुकणारे दिवे बघितले.

"आवं, चालूच हाय की ह्ये. आज हत्याराला इसावा असतुया. बंद करा."

"मावशी, हे बंद होत नाही."

"बंद होत न्हाई?" कोंडाबाईंनी वाटी खाली ठेवली. "मंग बिघडलंय म्हना की."

मी तोंडाला पदर लावला असता, पण मी सलवार-कमीजमध्ये होते. शकील मात्र हसला नाही. त्याला संधी दिसली.

"सर, मावशी बरोबर म्हणतात. आज बंद ठेवायलाच पाहिजे. मग उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर नव्यावर चालू करू. सीडी माझ्या खिशात आहे." आणि त्यानं हात पुढे केला. राऊटरकडे नव्हे, फक्त सीडी दाखवायला.

हिंगमिरे मध्ये आडवे झाले. अक्षरशः दोन्ही हात पसरून. "नाही! दोन वर्षं झालीत, शकील! बंद केला तर आकडा शून्यावर जाईल!"

शकीलनं पुढे केलेला हात मागे घेतला. टेबलफॅन घरघरत होता.

"म्हणजे," शकील सावकाश म्हणाला, "मुरणंबिरणं काही नाही? ढेकूण नाहीत? समिती नाही? तुम्हाला फक्त तो आकडा पाहिजे?"

 हिंगमिरे वळून हाराची फुलं सारखी करत बसले. मला त्या माणसाची एवढी चीड आली की मी नैवेद्याची वाटी उचलून कोंडाबाईंच्या हातात परत दिली. असल्या अवजाराला कसला आलाय नैवेद्य! सॉफ्टवेअर बदलायचं तर राऊटर एकदा बंद करून चालू करावा लागतो, एवढीच काय ती गोष्ट. त्यासाठी एका पोराची नोकरी टांगून ठेवली होती. आणि तो आकडा बघणार कोण, तर हेच, रोज सकाळी, दात घासता घासता.

शकील दिवाळीच्या आदल्या आठवड्यात परीक्षेला गेला आणि नापास झाला. मी त्याला पुण्यात परीक्षा केंद्राबाहेर भेटले. चहा घेतला, पण त्यानं कप तोंडाला लावला नाही.

"ताई, मला जी कमांड पाठ होती, ती तो घेईचना. परत परत टाकली. वेळ तिथंच गेला."

हिंगमिऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग परीक्षाच चुकीची आहे."  या माणसाला थोबाडीत द्यायला आपल्याकडे कायदा का नाही, असं मला मनापासून वाटलं.

कंत्राट संपलं. मॅनेजर त्यातल्या त्यात बरा, त्यानं शकीलला सांगितलं, मार्चपर्यंत जागा रिकामी ठेवतो, पुन्हा दे परीक्षा. पण सराव कशावर करायचा, हा प्रश्न तिथल्या तिथेच. शकील दुकानात बसू लागला. अब्बा खरंच काही बोलले नाहीत.

संक्रांतीनंतर कोंडाबाईंनी हिंगमिऱ्यांना नोटीस दिली, म्हणजे जिन्यात उभ्या राहून ओरडल्या. "सर, पोराचं लगीन हाय. खोली मोकळी करा. अन् त्ये डबडं बी न्या." हिंगमिऱ्यांनी नवी जागा शोधली ती थेट माले गावात, पौडच्याही पुढे. एवढ्या लांब का, तर म्हणे धरणाजवळ वीज जात नाही! मुळशी धरणाची वीज कुठे जाते आणि धरणाकाठची गावं कशी अंधारात बसतात, हे त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल. पण हिंगमिऱ्यांना कोण सांगणार?

सामान हलवायच्या दिवशी मी गेले, कारण माझी दोन पुस्तकं तिथे अडकली होती आणि मला ती परत हवी होती. बघते तर काय! टेम्पोत मागे गाद्या, बादल्या, मांडणी, आणि या सगळ्यांत हिंगमिरे मांडी घालून बसलेले. मांडीवर मोठा राऊटर, शेजारी इन्व्हर्टर आणि ट्रकची बॅटरी. दिवे लुकलुकतायत. चालू राऊटर घेऊन निघाले होते! गळ्यात पट्टा होताच. माझी पुस्तकं गाद्यांच्या तळाशी गेली होती, म्हणून मी स्कूटीवर मागे निघाले. वाटेत खड्डा आला की हिंगमिरे राऊटर तान्ह्या बाळासारखा वर उचलत, आणि बायका रस्त्याच्या कडेला थांबून बघत.

पौड जवळ आलं आणि इन्व्हर्टर किंचाळायला लागला. बॅटरी उतरली होती. गावात दुपारचं लोडशेडिंग. हिंगमिरे टेम्पोचा टप बडवत ओरडले, "थांबवा! बॅटरीवाला बघा!"

पौडात बॅटरीवाला म्हणजे शकीलचे अब्बा. ते नमाजाला गेले होते. दुकानात शकील एकटा, हातात चिंधी. टेम्पो थांबला, त्यानं बघितलं, मांडीवरचा राऊटर बघितला, मला बघितलं.

"शकील, बॅटरी! लवकर! मरतोय हा!"

 आता हा काय करेल? मी असते तर शटर ओढून घेतलं असतं. शकीलनं तसं काही केलं नाही. तो आत जाऊन नवी कोरी बॅटरी उचलून घेऊन आला. "ही घ्या सर. सकाळीच भरून ठेवलीय. हिच्या तारा आधी जोडतो, मग तुमची काढतो. राऊटर बंद पडणार नाही."

हिंगमिरे बॅटरीकडे बघत राहिले. इन्व्हर्टर किंचाळतोय, दिवे लुकलुकतायत, आणि हा गृहस्थ विचार करतोय.

"नवी आहे ही?"

"हो, नवी."

"नवी नको रे. ऐनवेळी दगा देते नवी. चांगली वापरातली, मुरलेली नाही का एखादी?"

शकीलनं बॅटरी आणखी पुढे केली. "सर, नवीच घ्या. ऐका माझं."

"बॅटरीतलं मला शिकवू नकोस. मुरलेली दे."

शकीलनं नवी बॅटरी खाली ठेवली. पायरीशी भंगारात द्यायच्या बॅटऱ्यांची रास होती. त्यातली एक त्यानं उचलली, पुसली, आणि हिंगमिऱ्यांच्या डोळ्यांदेखत तिच्या तारा जोडून त्यांची उतरलेली बॅटरी काढली. इन्व्हर्टर एकदा मोठ्यानं ओरडला आणि गप्प झाला. मोठ्याचे हिरवे दिवे गेले. मी तो राऊटर इतके महिने बघत होते, पण पंख्याशिवाय, आवाजाशिवाय तो केवढासा दिसतो ते तेव्हा कळलं.

"जुनी पाहिजे म्हणालात, सर," शकील म्हणाला. आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं.

हिंगमिरे टेम्पोतून उतरले, दुकानातल्या स्टुलावर बसले आणि पट्ट्याशी चाळा करत राहिले. डोळ्यांत पाणी होतं. मला कीव यायला हवी होती. थोडी आलीही, खोटं कशाला बोलू. पण परीक्षा केंद्राबाहेरचा तो न प्यालेला चहा आठवला आणि आलेली कीव मी परत पाठवली.

शकीलनं राऊटर उचलून दुकानाच्या टेबलावर ठेवला. "आता बंद पडलाच आहे, तर टाकू का नवं?" हिंगमिऱ्यांनी हात हवेत उडवला, कर काय करायचं ते कर. नव्या बॅटरीवर राऊटर सुरू झाला. गल्ल्याखालच्या खणातून सीडी निघाली, शकीलचा धापा टाकणारा संगणक जोडला गेला, आणि श्रावणापासून तहकूब असलेला विषय तासाभरात निकालात निघाला. टेम्पोवाला मधून मधून हॉर्न देत होता.

"चला सर, मला दुसरं भाडं हाय."

हिंगमिरे उठले, स्क्रीनपाशी आले आणि त्यांनी ती कमांड दिली. ओळ आली. अप्टाइम, काही मिनिटं. ते वाकून बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा बदलायला लागला. पाठ ताठ झाली, पट्टा पुन्हा छातीवर सरळ झाला.

"उचला राऊटर," टेम्पोवाला म्हणाला.

"हात लावू नका!" हिंगमिरे गरजले. "हलवण्यातच घात झाला. आता हा जागचा हलणार नाही. शकील, इन्व्हर्टरसकट इथेच राहू दे. तुझ्याकडे बॅटऱ्या आहेत. मुरू दे चांगला."

शकीलनं माझ्याकडे बघितलं. मी पटकन माझ्या स्कूटीकडे बघितलं, नाहीतर हसू फुटलं असतं. पुढे मार्चात शकील पास झाला, टीममध्ये आला, अब्बांनी पुन्हा पेढे वाटले. हिंगमिरे तोवर दर रविवारी माल्याहून फोन करून विचारत, "चालू आहे ना?" आणि शकील सांगे, "आहे, सर." ऑफिसात मात्र ते सामान हलवल्यापासून फिरकलेच नाहीत, नोकरी सोडली असं ऐकलं. मला ते पुन्हा दिसले नाहीत.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्या दुपारी. टेम्पो माल्याच्या रस्त्याला लागला होता. मागे गाद्यांवर हिंगमिरे उभे, एका हातानं दोरी धरलेली, लुंगी वाऱ्यानं फडफडतेय, पट्टा उडून खांद्यावर गेलेला. दुसरा हात दुकानाच्या दिशेनं हलवत ते जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "बंद करू नकोस रे! शकील, बंद करू नकोस!"

शकीलनंही हात हलवला. टेम्पो वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिला. मग चिंधीनं बोटं पुसली, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि पहिल्या धड्यापासून, म्हणजे राऊटर सुरू करण्यापासून, सुरुवात करायची म्हणून राऊटर बंद केला.